सहाव्या मजल्यावरची गोगलगाय

शाळेच्या दप्तरात या बाईंची नोंद ‘वाचन-सराव कक्षाच्या सहायक’ अशी आहे. हे पद कुणी पूर्ण उच्चारल्याचे आढळत नाही. मुले त्यांना कानमावशी म्हणतात. शिक्षकही पूर्वी पाठीमागे आणि आता तोंडावर तेच म्हणतात. कारण साधे आहे. मुलांच्या बोलीत हेडफोन म्हणजे ‘कान’. रोज सकाळी बारा मुले दाराशी रांग लावतात आणि “मावशी, माझे कान द्या” हे वाक्य बारा वेळा ऐकून घेत मावशी खिळ्यांवर टांगलेले बारा हेडफोन एकेक करून खाली उतरवतात. प्रत्येकावर लाल नेलपॉलिशने आकडा रंगवलेला आहे. सराव संपला की एका हेडफोनला दोन कापसाचे बोळे, या हिशेबाने स्पिरिट लावून पुसणे चालते. कक्ष म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची कोठी. संगणक येऊन चार वर्षे झाली तरी रबरी चेंडूंचा वास तिथून हललेला नाही.

कक्षात चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा दावा असा की, वाचनात अडखळणाऱ्या मुलांच्या मेंदूला जवळजवळचे ध्वनी वेगळे ओळखण्याचा व्यायाम दिला, की वाचन आणि भाषा दोन्ही सुधारतात. हा दावा येथे तपासायचा नाही. त्याला लागतील इतकी कागदपत्रे शाळेत नाहीत, आणि आहेत ती दोन वेगळ्या कपाटांत आहेत. व्यायामाचे स्वरूप मात्र समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला. कानात दोन आवाज येतात, समजा ‘प’ आणि ‘ब’. ते सारखे की वेगळे, हे बटण दाबून सांगायचे. उत्तरे बरोबर आली की पडद्यावरची गोगलगाय बारा मजल्यांच्या दीपगृहाचा एक मजला चढते. चुकली की उतरते. पहिल्या दोन मजल्यांवर दोन्ही आवाज दोन्ही कानांत येतात. तिसऱ्यापासून एक आवाज डाव्या कानात आणि दुसरा उजव्या. दिवसाला एकच मजला चढता येतो, तोही त्या दिवशी घसरण झाली नसेल तर. उतरण्याला मर्यादा नाही. आणि सराव सलग पाच दिवस चुकला, तर गोगलगाय थेट तळमजल्यावर येते. हा शेवटचा नियम कुणी केला, याचा शोध लागलेला नाही. ज्याने केला त्याला मूल नसावे, असे मावशींचे मत आहे.

शिट्टी ही त्या बारांतली चार नंबरची. वय नऊ. पुढच्या दोन दातांमधल्या फटीतून तिचा प्रत्येक ‘स’ शिट्टी वाजवत बाहेर पडतो. बोलायला लागली की थांबवणे मुश्कील, पण वाचताना ओळीच्या मध्यावर पोचेपर्यंत ओळीची सुरुवात तिच्या हातून निसटलेली असे. तिची गोगलगाय सहाव्या मजल्यावर जायला पाच महिने लागले. त्या दिवशी तिने ही बातमी कक्षातल्या प्रत्येकाला सांगितली. एक मुलगा म्हणतो, पंख्यालासुद्धा.

त्यानंतरच्या सोमवारी तिला गालगुंड झाले. हजेरीपटावर तिच्या नावापुढे सलग आठ गैरहजेऱ्या आहेत: सोमवार ते शुक्रवार, आणि पुढच्या आठवड्यातला बुधवारपर्यंतचा भाग. संगणकाच्या नोंदीत मात्र याच काळात चार नंबरने चारदा सराव केलेला दिसतो. पहिला, शुक्रवारी, मधल्या सुट्टीत.

तो मावशींनी केला होता. पाचवा दिवस उलटत होता. मुलांचे पासवर्ड चित्रांचे असतात आणि बाराही मावशींना पाठ आहेत. शिट्टीचा म्हणजे छत्री, मांजर, पुन्हा छत्री. “पाच महिने ढकलत वर नेलेली गोगलगाय,” त्या नंतर सांगत होत्या, “आणि गाल सुजले म्हणून ती खाली पडायची? मी म्हटलं, जरा धरून ठेवू. पोर आली की देऊ तिच्या हातात.”

हेतू उत्तम होता. अडचण एकच होती, आणि ती शाळेत कुणालाही ठाऊक नव्हती. अकरा वर्षांपूर्वीच्या एका दुखण्यानंतर मावशींचा डावा कान जवळजवळ बंद झालेला आहे. ही गोष्ट फक्त त्यांच्या नवऱ्याला माहीत होती. मावशी नेहमी खोलीच्या डाव्या भिंतीला चिकटून बसत, म्हणजे सगळे जग उजवीकडून येई. दरवर्षी नेमणुकीच्या फॉर्मवर ‘श्रवण’ या शब्दापुढे त्या स्वतःच्या हाताने ‘उत्तम’ असे लिहीत. मुलांच्या कानांची राखण करणाऱ्या बाईला एका कानाने ऐकू येत नाही, हे कळले तर खोलीची किल्ली काढून घेतील, अशी त्यांची समजूत होती.

शुक्रवारी गोगलगाय सहाव्यावरून पाचव्यावर आली. मावशींना वाटले, हेडफोन ढिला असेल. सोमवारी दुसरा हेडफोन लावून त्या चूक दुरुस्त करायला बसल्या. गोगलगाय चौथ्यावर आली. मंगळवारी डोळे मिटून, मन एकाग्र करून खेळल्या, तिसरा मजला. बुधवारी, स्वतः शिट्टीला दिलेल्या “घाई करू नकोस, आधी नीट ऐक” या सल्ल्याचे तंतोतंत पालन केले, आणि दुसरा. तिथे मात्र गोगलगाय खांबासारखी स्थिर राहिली. कारण उघड आहे: दुसऱ्या मजल्यावर एक कान पुरतो.

गुरुवारी शिट्टी आली, हेडफोन चढवला, आणि लगेच काढला.

“मावशी, माझी गोगलगाय पडली. पण मी तर नव्हतेच!”

“यंत्रालाही गालगुंड झालं असेल,” मावशी म्हणाल्या आणि कापूस आणण्यासाठी उठल्या. कापसाचा गठ्ठा त्यांच्या हातातच होता, असे शेजारच्या मुलीने आवर्जून सांगितले.

त्याच दुपारी फायलीला लावण्यासाठी एक कागद त्यांच्याकडे आला. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा येत असे. तो टक्क्यांशिवाय बोलत नसल्यामुळे शिक्षकांनी त्याचे नाव टक्केवारी ठेवले होते. त्याच्या अहवालात लिहिले होते: ‘विद्यार्थी क्रमांक चार. घसरण सहासष्ट पूर्णांक सात टक्के. विशेष शाळेची शिफारस.’ खाली मुख्याध्यापिकांची टीप होती की, शुक्रवारी आईला बोलावून निर्णय घ्यावा. विशेष शाळा वाईट नव्हती. फक्त ती शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, दोन बस बदलून, आणि तिथे शिट्टीच्या ओळखीचे एकही माणूस नव्हते.

मावशींचे यजमान घड्याळे दुरुस्त करतात. संध्याकाळी ते डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात डोकावत होते. मावशी त्यांच्याकडे उजवा कान करून बसल्या.

“सांगितलं तर खोली जाईल,” त्या म्हणाल्या.

“आणि नाही सांगितलं तर?”

“पोर जाईल.”

“मग मला काय विचारतेस?”

“विचारत नाहीये हो. नुसतं मोठ्याने बोलतेय.”

“बोल की. अकरा वर्षं या घरात मी एकटाच मोठ्याने बोलतोय. आज तुझी पाळी.” त्यांनी भिंग काढले. “त्या फॉर्मवर तू ‘उत्तम’ लिहितेस ना, ते निदान ‘बरं’ असं लिहायचं. एवढी हाव कशाला?”

“अहो, हसू नका.”

“मी हसतोय हे तुला ऐकू आलं? मग बराच आहे की कान.”

शुक्रवारच्या बैठकीचे टिपण साडेतीन ओळींचे आहे आणि त्यात महत्त्वाचे काहीही नाही. पुढचा वृत्तांत हजर असलेल्यांना वेगवेगळे विचारून जुळवला आहे. जिथे तिघांचे एकमत झाले तेवढेच येथे घेतले आहे. मुख्याध्यापिका, टक्केवारी, शिट्टी आणि लाँड्रीत इस्त्री करणारी तिची आई, इतकी माणसे कक्षात बसली होती. हातातला रुमाल आई मांडीवर हातानेच इस्त्री करत होती. टक्केवारीने आलेख उघडला. तेव्हा मावशी दारातून आत आल्या आणि म्हणाल्या, “ते चार दिवस मी खेळले. पोर घरी होती. हजेरीपट बघा.”

हजेरीपट कार्यालयाच्या कपाटात होता. तो आणवला गेला. कागद आणि संगणक एका टेबलावर आल्याची शाळेच्या चार वर्षांतली ही पहिलीच वेळ असावी.

“ती घरून खेळली असेल,” टक्केवारी म्हणाला. “आमच्या तीस टक्के मुलांचा सराव घरूनच होतो.”

“आमच्याकडे संगणक नाही, साहेब,” आई पहिल्यांदाच बोलली. “इस्त्री आहे. ती पण शेजारणीची.”

“बरं, मावशी खेळल्या असतील. पण मोठं माणूस दुसऱ्या मजल्यावर येणं शक्य नाही. शंभर टक्के नाही. मावशींचा जीव आहे मुलीवर, म्हणून त्या तिची चूक अंगावर घेताहेत.”

आता मावशींपुढे वेगळाच पेच उभा राहिला. कबुली दिली होती, पण ती कुणी स्वीकारीना. अकरा वर्षे जपलेले गुपित फोडायचे, तर ते आधी सिद्ध करावे लागणार होते.

“मला डाव्या कानाने ऐकू येत नाही,” त्या म्हणाल्या. “लावा मला.”

टक्केवारीने ‘पाहुणा’ नावाचे खाते सहाव्या मजल्यावर उघडले. शिट्टीने उडी मारून खिळ्यावरचा चार नंबर काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. “मावशी, तुमचे कान.”

पूर्ण चाळीस मिनिटांचा सराव झाला. मुख्याध्यापिकांचा चहा गार झाला. पडद्यावर पाचवा मजला आला, मग चौथा. चूक झाली की यंत्र बारीक आवाजात ‘पुन्हा प्रयत्न करूया’ म्हणते. ते इतक्या वेळा म्हणाले, की शेवटी शिट्टी त्याला म्हणाली, “अरे, करतायत ना!” तिसऱ्या मजल्यानंतर मावशींनी पडद्याकडे पाहणे सोडले आणि त्या समोरच्या भिंतीकडे बघत बटणे दाबत राहिल्या. अखेर गोगलगाय दुसऱ्या मजल्यावर येऊन थांबली आणि तिथून तसूभरही हलली नाही. त्या चार दिवसांचा आलेख शेजारी ठेवला. दोन रेषा एकमेकींवर ठेवल्या तर एकच दिसेल इतक्या सारख्या होत्या. यंत्राने निष्कर्षही छापून दिला: ‘ध्वनी ओळखण्यात गंभीर अडचण. तातडीने मदतीची गरज.’ या सॉफ्टवेअरविषयी अनेक शंका घेता येतील. पण त्याने एक निदान अचूक केले होते, हे मान्य करावे लागते. माणूस तेवढा चुकीचा निवडला होता.

“म्हणजे गेल्या महिन्यात मी या बाजूने हाका मारत होते,” शिट्टीची आई म्हणाली, “आणि तुम्ही वळून बघेनात. मी घरी जाऊन सांगितलं, ही बाई भाव खाते म्हणून!”

मुख्याध्यापिकांनी जुना फॉर्म मागवला. “हे अक्षर कुणाचं?”

“माझंच.”

“‘उत्तम’ फार उत्तम काढलंय.” मग त्या शिट्टीकडे वळल्या. “आता तू बस.”

शिट्टी त्याच ‘पाहुणा’ खात्यात सहाव्या मजल्यावरून खेळली. चमत्कार झाला नाही. ती एक मजला घसरली आणि पाचव्यावर टिकली. नंतर तिला एक पान वाचायला दिले. ते तिने अकरा मिनिटांत, चार ठिकाणी अडून, पण एकही ओळ न गाळता वाचले. मुख्याध्यापिकांनी अहवालावरच्या शिफारशीवर रेघ मारून तिथे लिहिले: ‘आहे तिथेच राहील.’ ही रेघ मूळ कागदावर स्पष्ट दिसते. पेन दोनदा फिरवलेले आहे.

मावशींना लेखी समज मिळाली. ती त्यांच्या फायलीत आहे. बाराही पासवर्ड बदलले गेले, आणि आठवड्याच्या आत ते पुन्हा मावशींना पाठ झाले. किल्ली का काढून घेतली नाही, असे विचारता मुख्याध्यापिका म्हणाल्या, “एका हेडफोनला दोन बोळे वापरणारं दुसरं माणूस मला आणून द्या, मग बघू.” कंपनीने नियम बदलला नाही, पण आजारपणात सराव थांबवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून होती, हे या निमित्ताने टक्केवारीला समजले.

शिट्टी आता पुष्कळ बरे वाचते. याचे श्रेय सॉफ्टवेअरला, वाढत्या वयाला, की आणखी कशाला द्यावे, हे उपलब्ध नोंदींवरून सांगता येत नाही. एक निरीक्षण मात्र नोंदवायला हवे. मावशींच्या डाव्या कानामागे हल्ली एक छोटे श्रवणयंत्र असते. ते उत्तम चालते. या वृत्तांतासाठी झालेल्या तिन्ही भेटींत त्यांनी दाराबाहेरची कुजबूजही टिपली. तरीही सराव संपल्यावर शिट्टी पडद्यावरची सूचना वाचून दाखवू लागली, की मावशी हेडफोन पुसता पुसता मान तिरकी करतात आणि म्हणतात, “काय? ऐकू नाही आलं गं.”

आणि शिट्टी, कपाळाला हात लावून, तीच ओळ पहिल्यापासून, मोठ्याने पुन्हा वाचते.