मिस्त्रींचा हात

काम पुरं झालं की मिस्त्री डोळे मिटून जुन्या चौकटीवरून अंगठा फिरवत नव्या पट्टीपर्यंत आणत. मग मला म्हणत, "हात लावून बगा की, गुरुजी. जोड सापडतो का?" मला तो कधी सापडला नाही.

जुन्या वाड्यांच्या देवड्यांना, म्हणजे पुढच्या दारांच्या चौकटींना, नक्षीची गोलसर पट्टी असते, तुम्ही पाहिली असेल. तिचा तुकडा मोडला तर तसा बाजारात मिळत नाही. दिंद्रुडच्या आसपास तो हुबेहूब घडवणारे हे एकटेच उरले होते. जुन्या पट्टीवर मळलेली कणिक दाबून ते ठसा घेत आणि त्याबरहुकूम रंध्याचं पातं घासत. बायको टोमणा मारायची, "आमाला भाकर, अन् चौकटीला गव्हाची कणिक." मिस्त्री खाली मान घालून हसत.

आमच्या वाचनालयाची देवडी दुरुस्तीला काढली, तेव्हा मी चिटणीस होतो. आणलेलं सागवान ओलसर निघालं. मिस्त्रींनी फळ्या मागच्या खोलीत सावलीत उभ्या केल्या. उन्हात घातलं तर वरून वाळतं, आत ओल राहते, दिवाळीपर्यंत थांबा, असं त्यांनी मला बजावलं. पण उद्घाटनाला पुढारी येणार होते, आणि तारीख मीच देऊन बसलो होतो. मिस्त्री आठ दिवस लेकीकडे चकलांब्याला गेले, तेव्हा मी फळ्या पत्र्यावर उन्हात टाकल्या. ते यायच्या आदल्या दिवशी जागच्या जागी नेऊन ठेवल्या.

त्यांनी फळीवरून हात फिरवला. "लवकर वाळलं की," म्हणाले. मी त्यांना उद्घाटनाच्या तारखेची आठवण करून दिली.

उद्घाटन थाटात झालं. दोन महिन्यांत पट्ट्या उभ्या चिरल्या. बैठकीत सगळे मिस्त्रींवर घसरले. ते माझ्याकडे वळले.

"माजा हात चुकला का, गुरुजी?"

"वय झालं की व्हायचंच," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा रंधा धरला नाही. काम घेऊन आलेल्यांना बीडला पाठवत. बाजारात कापड घेतानाही बायकोला म्हणत, तूच बग हात लावून, मला आता कळत न्हाई. मागच्या उन्हाळ्यात ते गेले.

चूक त्यांची नव्हती, माझी होती. परवा त्यांच्या घरी जाऊन हे सांगितलं. बाई ज्वारी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मंग त्यांचा हात चुकला नव्हता?"

"नाही."

त्यांनी सूप बाजूला सारलं.

"मी बी त्यांना तेच म्हनत हुते, गुरुजी," त्या म्हणाल्या. "वय झालं म्हनून."