धोंडप्पाचे दोन हात

लातूर जिल्हा झाला तसे कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, जीपगाड्या आल्या आणि गंजाकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे, जाणाऱ्या चौकात लाल-हिरवे दिवेही आले. पाऊस तेवढा आला नाही. दिव्यांखाली हवालदार धोंडप्पाची नेमणूक झाली. खांबाला पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात एक खटका. खटका वर केला की गंजाची वाट मोकळी, खाली केला की स्टँडची. एवढं सोपं काम शोधून साहेबांनी मुद्दाम आपल्याला दिलं, असं धोंडप्पा स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

तरी चौक तुंबायचा तो तुंबायचाच. त्यात स्टँडकडून येणारा पाण्याचा टँकर अडकायचा. टँकरच्या दिवसाला तीन खेपा. चौकात उशीर झाला की तिसरी रद्द, आणि तिसरी खेप नेमकी धोंडप्पाच्या गल्लीची. त्याची बायको सिद्धम्मा रिकाम्या घागरी मांडून बसायची आणि सगळी गल्ली तिच्याकडे बघायची.

धोंडप्पानं साहेबांपुढे नवा नियम मांडला. दोन्ही वाटांना एकेक मिनिट नको, गंजाला अर्धं द्या, स्टँडला पाऊण. साहेबांनी मानलं. चौक तुंबला. मग उलट करून बघितलं. मग बैलगाड्यांना दहानंतर बंदी घातली. नियम कागदावर इतके सुधारले, की आपण चुकून हवालदार झालो, खरं तर इंजिनिअरच व्हायचो, असं धोंडप्पाला वाटू लागलं. गल्लीत मात्र सलग पाच दिवस पाणी नव्हतं.

सहाव्या दिवशी सिद्धम्मा घागर कमरेवर घेऊन चौकात आली आणि पानपट्टीच्या आडोशाला तासभर उभी राहिली. घरी आल्यावर तिनं विचारलं, “खटका कोण वढतंय तिथं?”

“मीच की.”

“कवा वढता? उदगीरचा मानूस दिसला की दोन्ही हात जोडून शरणार्थी. आडत्या दिसला, शरणार्थी. मग त्याच्या घरची खुशाली. तवर गंजाचा हिरवा तसाच. चौक तुमी तुंबवून राहिले, अन् नियम दिव्याचे बदलून राहिले.”

शरणार्थी हा लिंगायतांचा दोन्ही हातांचा नमस्कार; तो करणाऱ्याला एका हातानं उत्तर देणं धोंडप्पाला जन्मात जमलं नव्हतं, आणि उदगीरचा अर्धा बाजार त्याच चौकातून गंजात जायचा. साहेबांना कळलं असतं तर, या विचारानं त्याचे कान तापले. त्यानं शेवटचा नियम केला, तो स्वतःपुरता. एक हात खटक्यावर, समोर कुणीही येवो, नुसती मान हलवायची.

दोन दिवसांत टोमणे सुरू झाले. “जिल्हा झाला, अन् आपला धोंडप्पा कलेक्टर झाला,” असं एक आडत्या त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. धोंडप्पाला ते लागलं. पण खटक्यावरचा हात त्यानं काढला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी उदगीरच्या बसमधून त्याचे सासरे गुरुलिंगअप्पा उतरले. चौकाच्या मधोमध थांबून त्यांनी दोन्ही हात जोडले, “शरणार्थी, जावईबापू.” त्याच वेळी स्टँडच्या बाजूला टँकर येऊन उभा राहिला. धोंडप्पानं नुसती मान हलवली आणि खटका खाली ओढला. टँकर गेला. सासरे जोडलेल्या हातांनी धुरात उभेच राहिले, मग गल्लीकडे चालू लागले.

संध्याकाळी घरी जाताना धोंडप्पा वाटभर माफीचं वाक्य जुळवत होता. गल्लीत टँकर उभा होता आणि घागरींचा गलका चालला होता. सिद्धम्मानं बापालाही रांगेत लावलं होतं. धोतर भिजलेले गुरुलिंगअप्पा भरलेली घागर दोन्ही हातांनी पोटाशी धरून दारापर्यंत आले. धोंडप्पा लगबगीनं उंबऱ्यात आडवा आला आणि त्यानं मनापासून दोन्ही हात जोडले.

“शरणार्थी, मामा.”

सासऱ्यांनी हातातल्या घागरीकडे पाहिलं, मग जावयाकडे. आणि नुसती मान हलवली.

“हाव, हाव. वाट सोडा आधी.”