काकूच्या ताटापुरता उजेड

आमच्या काकांचं दिव्यांचं दुकान होतं. लख्ख उजेडाशिवाय त्यांना करमत नसे, म्हणून बाजारात सगळे त्यांना 'लख्खकाका' म्हणत. घरी जेवणाच्या टेबलावर त्यांनी पांढऱ्याफेक ट्यूब लावल्या होत्या, त्याही दोन-दोन. काका त्यांच्याखाली भराभर जेवत आणि शेवटचा घास तोंडात असतानाच उठत.

काकू मोठ्या दुखण्यातून उठली तेव्हा तिच्या तोंडाची चवच गेली होती. डॉक्टर म्हणाले, चव येईल हळूहळू, पण पोटात काहीतरी जायला हवं. आयुष्यात कधी चहाही न केलेले काका सूप करायला शिकले. पण संध्याकाळी टेबलाशी बसलं की काकू मान फिरवायची. "कालचं आहे का?" असं विचारायची आणि काकांचं तोंड एवढंसं व्हायचं.

मी तिच्या सोबतीला गेले, तेव्हा दुपारी खिडकीशी बसून तिनं वाटीभर टोमॅटोचं सूप संपवलं. संध्याकाळी तेच सूप तिला शिळं वाटलं. मी काकांना हे सहज सांगितलं. ते वर ट्यूबकडे बघत राहिले, मग चपला घालून दुकानात गेले.

त्या आठवड्यात घरात दिव्यांची रीघच लागली. निळ्या दिव्यात भात बुरसलेला दिसला. लाल दिव्यात दूधही लाल झालं. काकू दुखण्यानंतर पहिल्यांदा हसली, पण जेवली नाही. शेवटी काकांनी मंद पिवळा दिवा टेबलावर लोंबता सोडला आणि सूप पुन्हा टोमॅटोचं दिसू लागलं. काकूनं थोडं घेतलं, मग चमचा खाली ठेवला.

काकांनी विचारलं, "आता काय झालं? नाही आवडलं?"

"सूप चांगलंय. पण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत बसता हो. तुमच्या चेहऱ्यावरची काळजी दिसली की घास उतरत नाही."

काकांनी दिव्यावर एक खोल शेड बसवली, तसा उजेड काकूच्या ताटापुरताच उरला. स्वतः ते पलीकडे अंधारात बसले. गप्प बसले तर ते आहेत की उठून गेले हेच कळेना, म्हणून ते बाजारातल्या गमती सांगू लागले. ऐकता ऐकता काकूची वाटी रिकामी झाली.

ती ठणठणीत व्हायला बराच काळ गेला. तोवर दोघांनाही तसंच जेवायची सवय लागली. काकांची जेवणातली घाई सुटली, पोटही जरा उतरलं. गप्पांच्या नादात अन्न गार होई, तरी कुणाची तक्रार नसे.

नंतर एकदा मी जेवायला गेले, तर त्या काळोखात माझ्या बशीतला बटाटा नाहीसा झाला.

"मला दिसलं हं," काकू म्हणाली, आणि पलीकडून काकांच्या चावण्याचा आवाज थांबला.