जांभळा भाठा

नकाशे रंगवण्यात माझी सगळी नोकरी सरली. रायपूरभोवतीची कुठली जमीन पुढं कशासाठी वापरायची, हे ठरवणाऱ्या कार्यालयात मी होते. पिवळा रंग घरांचा, हिरवा शेतीचा, जांभळा कारखान्यांचा. रंग संगणक भरायचा, कुठं कोणता ते आम्ही सांगायचो, आणि सांगताना आमचा रुबाब असा, की जणू धरती आम्हीच वाळत घातली आहे. आता घरी बसले आहे, पण गोल बाजारात जांभळं लुगडं कुणी उलगडून दाखवलं तरी मी पुढच्या दुकानात जाते. लोक भुतांना भितात. मी रंगाला भिते.

आमचं गणित साधं होतं. जी जमीन भरपूर धान पिकवते तिला हात लावायचा नाही; जी काहीच देत नाही, तिथं कारखाना आणायचा. गावातल्या पोरांना रोजगार मिळतो, धानाची शेतं वाचतात, रस्ता येतो. या विचारात खोट आहे असं मला आजही म्हणता येत नाही, आणि हाच माझा खरा जाच आहे. खोटं काही असतं तर साहेबांच्या नावानं बोटं मोडून मोकळी झाले असते.

रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या बाजूला एका गावात पाहणीला गेले होते. गावाबाहेर भाठा होता. भाठा म्हणजे लाल मुरमाड माळ; तिकडं प्रत्येक गावाला असा एखादा असतोच. कडेला एक बाई गोवऱ्या थापत होती, चाळिशीची असेल. फॉर्मवर एकेक रकाना होता, मी विचारत गेले. इथं काय पिकतं? ती म्हणाली, ‘‘कुछु नइ होवय, दीदी.’’ मी लिहिलं: उत्पादन नाही. मुलं किती? ‘‘दू झन.’’ कुठं असतात? तिनं शेणाचा हात उचलून माळाकडं दाखवलं. ‘‘ओ दे, भाठा म हवंय.’’

मी वळून पाहिलं. दूरवर दोन-चार बकऱ्या होत्या. बकऱ्यांमागं असतील, म्हणून मी लिहिलं: मुलं दोन, वास्तव्य गावातच. वर तिला म्हणाले, ‘‘स्कूल भेजो, दिनभर धूप में मत घूमने दो.’’ तिनं पुढची गोवरी थापायला घेतली. मला वाटलं, हिला शाळेचं महत्त्व कळत नाही. शिकलेल्या माणसाचा शहाणपणा असा उतू जात असतो.

भाठा जांभळा झाला. कच्चा आराखडा लागला, हरकती घ्यायची मुदत सुरू झाली. त्या दिवसांत एकदा दुपारी पुरानी बस्तीत आईकडं जेवायला गेले होते. गप्पांच्या ओघात त्या बाईचं सांगितलं, पोरं कुठं विचारलं तर भाठ्यात म्हणते, उन्हात सोडते म्हणून. आईनं वाढता वाढता डाव खाली ठेवला.

‘‘अवं, भाठ्यात का पोट्टे खेयतेत? पुरतेत तिथं.’’

मी म्हटलं, काहीतरीच काय.

‘‘आपल्यातबी दात न आलेलं लेकरू जाळत नाही. तुले एवढंबी मालूम नाही? काहून शिकवलं तुले मी?’’

त्या बाईनं माझ्या प्रश्नाला अगदी खरं उत्तर दिलं होतं. तिची दोन मुलं जिथं होती तेच तिनं दाखवलं, आणि मी त्यांना शाळेत पाठवायला सांगून आले. वर गावच्या पुढच्या वीस वर्षांच्या लोकसंख्येत ती दोघं मोजलीही. जमिनीतून काय निघतं एवढंच आम्ही विचारत होतो. तिच्यात काय ठेवलं आहे, असा रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. म्हणाले, ‘‘दफनभूमी रेकॉर्डवर नाही. गाववाल्यांनी हरकत घेतली तर बघू. आपणच आपल्या आराखड्याला हरकत कशी घेणार?’’ म्हणजे मी गावात जाऊन त्या बाईला एवढंच सांगायचं होतं: अर्ज दे, अंगठा लाव. पंचायतीच्या भिंतीवर नोटीस होती, पण ती वाचायची कुणी? मुदतीला अजून अकरा दिवस होते.

मी गेले नाही. आज उशीर झाला, उद्या ऊन फार आहे, परवा बैठक आहे. खरं कारण हे, की तिच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटत होती. अकरा दिवस मी त्या लाजेला जपलं. मुदत संपली तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवते.

मी गेले, ते थेट माझ्या निवृत्तीनंतर. भाठा सपाट झाला होता. लांबच लांब भिंत, आत शेड, वर धूर. माझ्याकडं जुन्या नकाशाची एक प्रत होती, का नेली होती कोण जाणे. ती बाई भिंतीलगतच्या वाटेवर भेटली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तोच तिनं माझ्या हातातला कागद ओळखला.

‘‘तुमन नापे रहेव न, दीदी? नक्सा म बतावव, मोर लइका मन कोन मेर हें?’’

तिची लेकरं नकाशात कुठं आहेत, ते ती मलाच विचारत होती. पुरलं तिथं तिनं दोन दगड मांडले होते, वर बोरीच्या काट्या ठेवल्या होत्या. दगड, काट्या, चढउतार, कारखान्यानं सगळं सारखं केलं होतं. आता तिला जागा सापडत नव्हती. आणि माझ्या नकाशात त्या जागी जांभळ्या रंगाशिवाय काही नव्हतं. मी भिंतीच्या बाहेरची, तिला बसता येईल अशी जागा शोधली आणि तिथं बोट ठेवलं.

‘‘दूनो?’’ तिनं विचारलं.

‘‘हव. दूनो.’’

तिनं पदर ओढून कागदावर तळवा टेकवला. मग नकाशा मागून घेतला.

परवा पुन्हा गेले होते. राहवत नाही आणि जाववतही नाही, अशी गत झाली आहे. भिंतीबाहेर, मी दाखवलेल्या जागी, चार बाया बसल्या होत्या. सिमेंटच्या पायाशी पणत्या होत्या, आणि ट्रक गेला की त्या बाया पदर आडवा धरत होत्या. मला पाहून ती उठली आणि इतरांना म्हणाली, ‘‘एही दीदी बताइस.’’ त्यातली एक म्हातारी माझ्याजवळ आली. तिनं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नकाशा माझ्यापुढं उलगडला.

‘‘मोर घलो बता देव न, दीदी. एके झन हे.’’

मी चष्मा लावला आणि तिच्याही लेकरासाठी पुन्हा बोट ठेवलं.