टायपिंगवाल्या मावशींचं स्वच्छ मशीन

टायपिंगवाल्या मावशींना आपल्या मशीनचा भारी तोरा. कॉलेजच्या मागच्या गल्लीत दुकान, दोन टेबलं, एक प्रिंटर आणि दारावर पाटी: ‘पेन ड्राइव्ह साफ करून आणा. व्हायरस आढळल्यास काम घेतलं जाणार नाही.’ कुणी पेन ड्राइव्ह पुढे केला की मावशी त्याच्याकडे अशा बघायच्या, की देणाऱ्याने आपलेच हात निरखावेत.

निवृत्त नर्सबाई त्यांच्याकडे आल्या त्या आठवणींचं पुस्तक करून घ्यायला. चाळीस वर्षांची नोकरी, अकरा प्रकरणं, एकेक अक्षर शोधत स्वतः टाइप केलेली. पहिल्या खेपेला सगळं नीट उघडलं. घरी दुरुस्त्या करून दुसऱ्यांदा आणलं, तर एकही फाइल उघडेना. घरच्या कॉम्प्युटरवरही तीच गत.

मावशींनी रांगेतल्या सहा-सात जणांदेखत तोंडाचा पट्टा सोडला. “घरी कॉम्प्युटरवर कोण बसतं? नात? मग बघायलाच नको! टाकले असतील कसलेतरी गेम. तुमच्या घरची घाण माझ्या मशीनमध्ये कशाला आणता हो?”

“चुकलं,” एवढंच म्हणून नर्सबाई निघून गेल्या. पेन ड्राइव्ह टेबलावरच राहिला.

आठवड्याभरात मावशींचं मशीनच बसलं. कॉम्प्युटर दुरुस्त करणारी त्यांची भाची आली, दुपारभर खुडबुडत राहिली आणि मग खुर्ची वळवून म्हणाली, “मावशी, अँटिव्हायरस कधीपासून बंद आहे?”

“तो चालू असला की पुस्तकाची पानं लावायचं सॉफ्टवेअर उघडत नाही ना. बंद करा, असं देणाऱ्यानेच सांगितलं होतं.”

“म्हणजे चोरीची कॉपी.”

“चोरी कसली! सगळेच वापरतात.”

“सगळ्यांच्या दारावर पाटी नसते,” भाची म्हणाली. “व्हायरस त्यातूनच आलाय. दोन वर्षं मुक्काम ठोकून आहे. कुणाचाही पेन ड्राइव्ह लावलात, की तुम्हीच त्याला प्रसाद देत होतात.”

दोन वर्षांत झापलेला एकेक चेहरा मावशींच्या समोर येऊन उभा राहिला. प्रबंध गेला म्हणून इथेच रडलेली ती मुलगीसुद्धा.

भाचीने मशीनमधलं सगळं पुसून लिनक्स नावाची वेगळी सिस्टिम घातली, लिहायला आणि पानं लावायला मुक्त सॉफ्टवेअर दिलं. “असले व्हायरस इकडे फारसे फिरकत नाहीत. तरी डोळे उघडे ठेवा.”

“आणि हे केवढ्याला?”

“फुकट. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, दुसऱ्याला द्यावं.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

हे मावशींना जास्त झोंबलं. नुसतं मागून मिळत होतं ते सोडून त्यांनी चोरीचं घेतलं होतं.

नवीन सॉफ्टवेअरवर साधा समास ठेवायलाही त्या आठवडाभर चाचपडल्या. त्याचं काही नाही, हात बसतो. टेबलावर राहिलेल्या पेन ड्राइव्हमधून भाचीने नर्सबाईंची सात प्रकरणं कशीबशी परत मिळवली, चार गेली ती गेलीच. आता नर्सबाईंना सांगायचं काय? भाची बोलणार नव्हती. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं?

नर्सबाई आल्या तेव्हाही दुकानात रांग होतीच. दारातूनच म्हणाल्या, “माझ्यामुळे तुमचं मशीन बंद पडलं म्हणे. लाज वाटते हो तोंड दाखवायला.”

सुटका अशी आयती चालून आली होती. मावशी उभ्या राहिल्या. “तुमच्यामुळे नाही. व्हायरस माझ्या मशीनमध्ये होता. तुमच्याकडे तो इथून गेला.” आवाज बारीक निघाला, म्हणून मागच्यांना ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं. “चार प्रकरणं माझ्यामुळे गेली.”

नर्सबाई आत टेबलापाशी आल्या. मग म्हणाल्या, “त्या दिवशी घरी जाऊन मी नातीच्या थोबाडीत दिली. आठ वर्षांची आहे. ‘मी काही केलं नाही’ म्हणत होती.”

मावशी म्हणाल्या, “तिला घेऊन या. मी सांगते तिला.”

“ती का येईल? तुम्ही चला.”

भर दुपारी रांगेला ‘उद्या या’ सांगून मावशींनी दुकान बंद केलं. वाटेत त्यांनी काय काय जुळवलं होतं! दार त्या मुलीनेच उघडलं, आणि मावशी एवढंच म्हणाल्या,

“बाळा, ती चूक माझी होती. तुझी नव्हती.”

मुलीने मावशींकडे पाहिलंच नाही. ती आजीला म्हणाली, “मी सांगत होते.”