गिरणीचा दगड आणि कप्पी

आमच्या पिठाच्या गिरणीचा दगड गुळगुळीत झाला की पीठ भरड पडतं. मग वरचा दगड उचलून बाजूला घ्यायचा, टाकीनं ठोकून खरबरीत करायचा आणि परत बसवायचा. गिरणी मी चालवते, म्हणून मी वरच्या तुळईला साखळीची कप्पी बसवून घेतली. साखळी हातभर ओढली की दगड बोटभर उठतो, पण मी एकटीनं ओढली तरी उठतो.

हेच आमच्या दिरांना सोसत नाही. ते पडले तालमीतले गडी. परवा मी साखळीला हात घातला तर पुढं आले.

"वैनी, सरका बाजूला. साखळी वढत बसला तर दीस मावळंल. आमी हाय की!"

"भावजी, कंबर जाईल."

"कप्पीनं उचलला तर त्यात आपुन काय उचललं?"

दळणाला आलेली चार माणसं बघत होती, मग काय! भावजींनी दगड छातीला लावून उचलला, बाजूला ठेवला आणि तिथंच वाकडे झाले. सरळच होता येईना. धरून घरी नेलं. अजून शेक चालू आहे.

तेव्हापासून दळणाला येणारा प्रत्येक जण मला ऐकवतो, "काय रग हाय हो तुमच्या दिराची! एकट्यानं दगड उचलला की!"

माझं डोकंच फिरतं. अहो, गरम पिठाचा डबा घेऊन निघालात ना? मग तो दगड परत जाग्यावर कुणी बसवला, ते एकानं तरी विचारा!