शिखाताई आणि भुयारातली बादली

शिखा जगदाळे आमच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. खो-खोचे सामने असले की माईक त्यांच्याच हातात. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत असं काही वर्णन करायच्या की सुदामा नगरातले येणारेजाणारे स्कूटर बाजूला लावून मैदानाच्या कडेला उभे राहत. "अरे वा, क्या पलटी मारली पोरीनं! आता पकडा तिला!" मी त्याच शाळेत गणित शिकवते, खेळात मला काडीचा रस नाही. तरी त्यांचा आवाज आला की मी स्टाफरूमची खिडकी उघडायचे.

त्यांना लकवा झाला तो शाळेतच, सकाळच्या प्रार्थनेला. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचल्या. पाय हळूहळू चालू लागला, उजव्या हातात थोडी कमजोरी राहिली. शब्द मात्र गेले. समजायचं सगळं, पण चहा हवा असला की तोंडातून "चावी" निघायचं. आपण भलतंच बोललो हे त्यांना लगेच कळायचं, तेच वाईट होतं. मग त्यांनी बोलणंच सोडलं.

त्यांचे यजमान लक्ष्मीकांतराव वीज कंपनीत नोकरीला. माणूस फार मायेचा. बायकोनं तोंड उघडलं की हे धावत येऊन वाक्य पुरं करायचे. "पाणी? पंखा? पलकला बोलावू?" भेटायला जाणारे आम्ही सगळे तसेच. शिखाताई कशालाही मान हलवून मोकळ्या व्हायच्या.

पलक ही त्यांची मुलगी, कॉलेजात शिकते. एका दुपारी तिनं आपला मोबाइल आईच्या डाव्या हातात दिला. त्यात एक खेळ होता. भुयारात उतरायचं, मजल्यामजल्यावर चित्रविचित्र प्राणी भेटतात, त्यांच्याशी लढायचं. जिंकलं की एखादा प्राणी आपल्यामागे येतो. त्याला नाव द्यायचं, खाऊ घालायचं, वाढवायचं, आणि पुढच्या लढाईत उतरवायचं. लढाईत एकदा आपली बारी, एकदा समोरच्याची. आपलं ठरेपर्यंत समोरचा राक्षस नुसता डोलत उभा राहतो.

"आई, आराम से," पलक म्हणाली. "तू चहा पिऊन आलीस ना, तरी तो तिथेच असेल."

शिखाताई खेळू लागल्या. पहिला जो प्राणी मागे आला तो मोठ्या कानांचा बेडूक होता. पलकनं नाव विचारलं तेव्हा त्यांना बेडूकच म्हणायचं होतं, पण बाहेर आलं "बादली." पलकला हसू फुटलं. आणि दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा शिखाताईही हसल्या. नाव तेच राहिलं. पुढे एक पेटत्या शेपटीची पाल मिळाली. तिला "आग" म्हणायला गेल्या तर आलं "आई." आता आईला लढायला कसं पाठवायचं? म्हणून तिला मागे ठेवून जखमी प्राण्यांना बरं करायचं काम दिलं.

मानसी गायकवाड ही त्यांची स्पीच थेरपिस्ट, महूची, तरुण आणि कडक. तिनं हे सगळं पाहिलं आणि एक नियम घातला. "ताई, बटण दाबायच्या आधी त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. मग काय करायचं तेही सांगायचं. मगच बोट लावायचं."

झालं. घरात दिवसभर "बादली, मार," "आई, दवा दे," "बादली, वाचव" सुरू झालं. शब्द अडायचा, घशात घोळायचा, कधी उलटाच यायचा. पण राक्षस डोलत उभा असायचा. त्याला कुठे जायचं नव्हतं. आजारपणानंतर त्यांच्यासमोर इतका वेळ थांबलेला तो पहिलाच.

एकदा बादलीची तब्येत भुयारात पार खालावली होती. शिखाताई शब्द शोधत होत्या. मागून लक्ष्मीकांतरावांना राहवलं नाही. "अगं मार ना, मार!" त्या दचकल्या आणि बोट 'मार'च्या बटणावर पडलं. पुढच्या बारीला बादली मेली. त्या खेळात मेलेला प्राणी परत येत नाही.

शिखाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि एकेक शब्द ठेवत म्हणाल्या, "तुम्ही... बोललात. म्हणून मी घाई केली."

आजारानंतरचं हे पहिलं पुरं वाक्य. लक्ष्मीकांतराव शेजारीपाजारी सांगत सुटले, "भिया, आज बायकोनं मला झापलं!"

त्यानंतर ते बदलले, पण कष्टानं. बायको बोलू लागली की ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. डॉक्टरांकडे तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी सवयीनं त्यांनाच विचारलं, "आता कसं वाटतंय यांना?" ते उत्तर देणार तोच शिखाताईंनी तळहात वर केला. "माझी बारी." मग सांगितलं. वेळ लागला, पण सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून ऐकलं.

शाळेचे सामने आले तेव्हा आम्ही त्यांना बोलावलं. मनात धाकधूक होती. त्यांनी माईक घेतला. पूर्वीसारखं वर्णन जमणारच नव्हतं, आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही. मैदानात उतरणाऱ्या प्रत्येक मुलीचं नाव तेवढं घेतलं, सावकाश, एकेक. एका नावाशी फार अडल्या. ती पोरगी रेषेवर उभी राहिली, नाव आल्याशिवाय आत गेली नाही. तेव्हा जी टाळी पडली, तशी त्या मैदानावर मी कधी ऐकली नव्हती.

आता दर रविवारी मानसीच्या सेंटरवर शिखाताई लकव्यातून उठलेल्या माणसांना हा खेळ शिकवतात. मागच्या खेपेला मी सोबत गेले होते. महूहून बुद्धरत्न काका आले होते, फौजेतून निवृत्त, उंचेपुरे, चेहरा रागानं लाल. त्यांना एक दगडी कासव मिळालं होतं आणि नाव सुचत होतं पण येत नव्हतं. त्यांची सून पुढे सरकली. शिखाताईंनी तिला नजरेनंच मागे बसवलं आणि स्वतः काकांशेजारी खुर्ची ओढून घेतली.

बराच वेळ गेला. बाहेर हॉर्न वाजत होते.

"सु... सुभेदार," काका म्हणाले.

"सुभेदार," शिखाताई म्हणाल्या, "छान. आता त्याला खायला द्या."